बांडगुळाची वंशावळ

मराठीत कोणाचा पाणउतारा करायचा झाला, तर वनस्पतिसृष्टी मोठ्या तत्परतेने मदतीला धावते. ओसाड गावी बळी ठरणारा एरंड आहे, साखरेत घोळूनही कडूच राहणारे कारले आहे. पण या सर्वांत ‘बांडगूळ’ या शब्दाची धार निराळी. एरंड म्हटल्याने माणूस क्षुद्र ठरतो, कारले म्हटल्याने तो सुधारणेपलीकडचा ठरतो. बांडगूळ म्हटले की मात्र तो एकाच दमात परकाही ठरतो आणि लुटारूही. हा शब्द आम्ही परगावाहून आलेल्या कामगारांविषयी ऐकला आहे, सरकारी मदत घेणाऱ्यांविषयी ऐकला आहे, घरी बसलेल्या पदवीधर मुलाविषयी ऐकला आहे. समीक्षक म्हणजे साहित्याच्या झाडावरचे बांडगूळ, हे वाक्य तर आमच्या वाट्याला इतक्यांदा आले आहे की ते उच्चारणाऱ्याला पुढची ओळ आम्हीच सुचवू शकू. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहून ज्यांचे दिवस जातात त्यांनी या शब्दाची थोडी चौकशी करावी, हे क्रमप्राप्तच होते. त्या चौकशीत आम्ही जिथे जाऊन पोहोचलो ते ठिकाण अनपेक्षित होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आंब्याच्या फांदीवर दिसणारे बांडगूळ आधी नीट पाहावे. त्याला स्वतःची हिरवी पाने असतात. अन्न ते स्वतःच, उन्हात, इतर कोणत्याही झाडासारखे तयार करते. आंब्याच्या अंगात शोषक मुळे घुसवून ते घेते प्रामुख्याने पाणी आणि क्षार. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ते अर्धेच परोपजीवी. त्याची फळे फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो आणि चिकट बिया पुढल्या फांदीवर पुसून ठेवतो. फांदी वाळते, आंबा कमी लागतो, हे खरेच. बागवानाने बांडगूळ कापून काढावे यातही वाद नाही. पण शिवी देणाऱ्याच्या मनातले सर्वस्वी आयते खाणारे बांडगूळ ते हे नव्हे. त्यासाठी अमरवेलीकडे किंवा त्याहून दूर, सुमात्राच्या जंगलात जायला हवे.

त्याआधी आणखी एका शब्दाकडे पाहू. ‘वंश’ या शब्दाचा एक जुना अर्थ वेळू, म्हणजे बांबू. पेरावर पेर चढत जावे तशी पिढीवर पिढी चढते, एकाच सरळ रेषेत. शेजारच्या वेळूतले पेर उडी मारून आपल्या वेळूत येत नाही. आनुवंशिकतेची आपली सारी कल्पना या एका प्रतिमेत सामावली आहे. घराण्याचा वंशवृक्ष काढतानाही आपण फांद्या फुटताना दाखवतो, दोन वेगळ्या झाडांच्या फांद्या एकमेकींत मिसळलेल्या दाखवत नाही. जीवशास्त्रानेही बराच काळ असेच वृक्ष काढले. जिवाणू आपापसांत जनुकांची देवघेव करतात हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होते. प्रतिजैविकांना दाद न देण्याची विद्या ते अशाच आडव्या वाटेने एकमेकांना देतात. पण तो एकपेशीय प्राकृतांचा व्यवहार, कुलीन बहुपेशीयांत असले काही घडत नाही, असा एक समज होता. तो समज ज्यांनी डळमळीत केला त्यांत परोपजीवी वनस्पतींचा वाटा मोठा आहे.

सुमात्राच्या जंगलात १८१८ साली जोसेफ अर्नॉल्ड आणि स्टॅमफर्ड रॅफल्स यांच्या पथकाला जमिनीलगत उमललेले एक फूल दिसले. रुंदी सुमारे एक मीटर, वास सडक्या मांसाचा. या रॅफ्लेशियाला ना खोड, ना पाने, ना नेहमीची मुळे. द्राक्षकुळातल्या टेट्रास्टिग्मा नावाच्या वेलीच्या आत ती धाग्यांच्या रूपाने राहते आणि केवळ फुलण्यापुरती बाहेर येते. पाने नाहीत, खोड नाही, तेव्हा हिचे नातलग कोण हे ठरवायचे कसे, या प्रश्नाने वनस्पतिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळले. डीएनए वाचता येऊ लागल्यावर हा प्रश्न सुटेल असे वाटले. तो आधी अधिकच गुंतला. २००४ साली चार्ल्स डेव्हिस आणि केनेथ वुर्डॅक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की रॅफ्लेशिया आणि तिच्या आप्तांची काही जनुके एक नाते सांगतात, आणि पेशीतल्या तंतुकणिकेमधला एक जनुकखंड दुसरेच नाते सांगतो. हा खंड सांगत होता: आम्ही द्राक्षकुळातले. उलगडा एकच होता. तो खंड रॅफ्लेशियाच्या पूर्वजांकडून आलेला नव्हता. ज्या वेलीत ती राहत होती त्या वेलीकडून आलेला होता. खऱ्या नातेवाइकांचा पत्ता पुढे २००७ साली लागला. जगातले सर्वांत मोठे फूल निघाले एरंडाच्या गोतावळ्यातले. ओसाड गावच्या एरंडाचे असेही भाग्य.

पुढची मोजदाद याहून बोलकी आहे. २०१२ साली रॅफ्लेशियाच्या पेशीकेंद्रातही वेलीकडून आलेली, आणि नुसती पडून नसलेली, चालू असलेली काही डझन जनुके सापडली. २०२१ साली तिच्या कुळातल्या सॅप्रिया या वनस्पतीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. ही सॅप्रिया हिमालयाच्या पूर्व टोकाला, आपल्या अरुणाचलातही आढळते. सपुष्प वनस्पतींत सर्रास असणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ४४ टक्के तिने गमावली आहेत, हरितद्रव्याच्या कणांचा स्वतंत्र जनुकसंच तर पार नाहीसा झाला आहे; आणि तिच्या जनुकांपैकी किमान १.२ टक्के जनुके आडव्या वाटेने आलेली आहेत. वडिलार्जित इस्टेट निम्म्याने विकून टाकायची आणि ज्याच्या घरात राहतो त्याचे थोडे सामान आपल्या नावावर चढवायचे, असा हा संसार.

हे होते कसे? परोपजीवी वनस्पती आणि तिची पोशिंदी यांच्यातली जवळीक नुसती शेजाराची नसते. शोषक मूळ पोशिंद्याच्या नलिकांना जाऊन भिडते आणि दोन देहांमधून एक प्रवाह वाहू लागतो. अमरवेलीचे पिवळे धागे कुंपणाच्या झाडांवर पसरलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. तिच्या एका जातीवर २०१४ साली झालेल्या संशोधनात दिसले की या प्रवाहातून साखरपाण्याबरोबर हजारो संदेशवाहक आरएनए रेणू दोन्ही दिशांनी ये-जा करत असतात. हे रेणू म्हणजे जनुकांच्या कामचलाऊ नकला. बहुतेक नकला विरून जातात. पण लक्षावधी वर्षांत एखादी नक्कल उलट डीएनएत उतरवली जाते, बीज बनवणाऱ्या पेशीत पोहोचते आणि दप्तरात कायमची नोंदली जाते. अमरवेलीच्या जनुकसंचात अशा आडव्या वाटेने आलेल्या १०८ जनुकांची यादी २०१९ साली प्रसिद्ध झाली. जपमाळेला पुरतील इतकी. त्यांतली काही जनुके शोषक मुळांच्याच कामात गुंतलेली आहेत. म्हणजे पोशिंद्याकडून आलेले हत्यार पोशिंद्यांवरच चालवले जाते. आणि वाट एकेरीही नाही. इसबगोल ज्या प्रजातीतला, त्या प्लँटॅगो प्रजातीच्या काही जातींत परोपजीवी वनस्पतींकडून आलेले जनुक आहे, हे २००४ सालीच ‘नेचर’मध्ये नोंदले गेले.

येथे एक शंका घेणे अगत्याचे आहे. परोपजीवी वनस्पतीच्या तुकड्यात पोशिंद्याच्या पेशी अडकलेल्या असणारच. मग सापडलेले परके जनुक खरोखर तिचे झाले आहे, की नमुन्यात नुसता मळ आहे? ही शंका कोरडी नाही. २००१ साली मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाची दोनशेहून अधिक जनुके जिवाणूंकडून थेट आली असावीत असे त्यात म्हटले होते. काही महिन्यांतच दुसऱ्या संशोधकांनी त्यांतला बहुतेक भाग खोडून काढला. २०१५ साली टार्डिग्रेड ऊर्फ जलअस्वल या सूक्ष्म प्राण्याच्या जनुकांपैकी सहावा हिस्सा परका असल्याचे जाहीर झाले आणि लगोलग दुसऱ्या चमूने दाखवून दिले की तो जवळजवळ सगळा प्रयोगनळीत शिरलेल्या जिवाणूंचा पसारा होता. म्हणून आता कसोट्या कडक आहेत. परक्या जनुकाच्या शेजारी घरचीच जनुके आहेत का, हे पाहतात. एकाच कुळातल्या अनेक जातींत ते एकाच जागी आहे का, आणि तिथे आल्यावर ते थोडे बदलले आहे का, हेही पाहतात. जे आमचे झाले ते आमच्याबरोबर बदलत जाते. जे नुसते चिकटले आहे ते जसेच्या तसे असते. ही कसोटी आम्हांला प्रयोगशाळेबाहेरही विचार करण्याजोगी वाटते. ‘वारस’ हा शब्द अरबीतून आडव्या वाटेने मराठीत आला. आज आपली वारसदारी सांगताना कोणाला त्याची कुळकथा आठवत नाही, आणि ‘वारसा’, ‘वारसाहक्क’, ‘वारसदार’ असे त्याचे गणगोत इथेच वाढले.

हे सारे वनस्पतींपुरतेच असते तर माणसाला मान ताठ ठेवून वाचता आले असते. पण आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहे. रेट्रोव्हायरस हा परोपजीवींतला परोपजीवी: स्वतःची पेशी नाही, दुसऱ्याच्या डीएनएत आपला मजकूर घुसवल्याखेरीज त्याची वीण वाढत नाही. असा मजकूर पूर्वजांच्या बीजपेशींत शिरला आणि पिढ्यान्‌पिढ्या नकलला गेला. त्यातला बहुतेक भाग मोडून पडला आहे. पण २००० साली त्यातल्या एका जनुकाचे काम उघडकीस आले. विषाणूला जे प्रथिन पेशीच्या आवरणाशी एकजीव व्हायला लागत असे, तेच प्रथिन गर्भवतीच्या वारेत पेशींना एकमेकींत मिसळवून आई आणि गर्भ यांच्यामधला पडदा तयार करण्याच्या कामी येते. त्याला सिन्सिटिन म्हणतात. उंदरांतही अशीच, वेगळ्या विषाणूकडून आलेली जनुके आहेत. त्यांतले एक निकामी केले तर गर्भ दिवस भरण्याआधीच मरतो, हे २००९ साली सिद्ध झाले. ज्या नात्याला आपण सर्वांत निखळ समजतो, ज्याची शपथ घेतो, त्या मायलेकरांच्या मधोमध एका जुन्या रोगाचे हस्ताक्षर आहे.

येथवर आलेल्या वाचकाला एक मोह होणे स्वाभाविक आहे. तो आम्हांलाही होतो. मोह असा, की हात उंचावून जाहीर करावे: पाहा, शुद्ध असे काही नसतेच, सारे जीवन म्हणजे उसनवारी आणि सरमिसळ, तेव्हा बांडगूळ ही शिवी रद्द समजावी. विचार उमदा आहे. पण निसर्गाला आपल्या बाजूने साक्षीला उभे करणाऱ्यांचा इतिहास आम्ही थोडाफार वाचला आहे, आणि तो वाचून आमचा हात खाली येतो. ग्रीक भाषेत परोपजीवीसाठीचा मूळ शब्द ‘पारासितोस’. अर्थ, दुसऱ्याशेजारी बसून जेवणारा. जुन्या ग्रीक सुखात्मिकांतला तो एक ठरीव विनोदी माणूस, श्रीमंताच्या पंगतीला बसून त्याची स्तुती करणारा. पुढे हा शब्द जीवशास्त्रात गेला, तिथून शास्त्राची मोहोर लावून परत माणसांवर आला, आणि तेव्हा त्यातला विनोद संपलेला होता. नाझी प्रचाराने ज्यूंना परोपजीवी म्हटले. पुढे काय झाले ते सांगायला नको. सोव्हिएत रशियात ‘परोपजीवन’ हा कायद्याने गुन्हा होता. त्याखाली १९६४ साली लेनिनग्राडमध्ये योसेफ ब्रॉडस्की या तरुण कवीवर खटला चालला. कविता करणे हे काम नव्हे, असे ठरवून त्याला पाच वर्षांची हद्दपारी झाली. ती दीड वर्षात संपली, आणि १९८७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, हा भाग वेगळा. निसर्गातून नीती काढायची सवय एकदा लागली की ती काढणाऱ्याच्या हाताप्रमाणे निघते. आज तीतून मिश्रणाची आरती निघाली, तर उद्या हकालपट्टीचा हुकूमही निघेल.

शिवाय ही आरती खोटीही आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोआला या प्राण्याकडे पाहावे. एक रेट्रोव्हायरस त्यांच्या जनुकसंचात शिरतो आहे, तोही जुन्या काळी नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत; २००६ साली हे संशोधकांनी नोंदवले. काही कळपांत तो पिढीजात झाला आहे, काहींत अजून नाही. ज्यांच्यात तो आहे त्यांना रक्ताचे कर्करोग होतात, पिले दगावतात. काही कोटी वर्षांनी त्यातून कोआलांच्या कामाचे एखादे सिन्सिटिन निघेलही. पण आज मरणाऱ्या कोआलाला त्याचे काय? दूरच्या नफ्यातून जवळचा तोटा वजा करता येत नाही.

हेच आम्हांला ज्वारीच्या शेतात अधिक स्पष्ट दिसते. टारफुला नावाचे तण आमच्या लहानपणी खरिपाच्या ज्वारीत हमखास असे. वीतभर उंची, इवली पांढरी फुले. शहरातून आलेला पाहुणा त्याला रानफूल समजून कौतुकाने वाकत असे. शेतकऱ्याच्या तोंडची ओळ मात्र ठरलेली: हा वर दिसतो तेव्हा खाली सारे आटोपलेले असते. ते शब्दशः खरे आहे. टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे. एका रोपाला हजारो, आणि ते मातीत दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. ते आपणहून रुजत नाही. जवळ ज्वारीचे मूळ आले आणि त्या मुळातून पाझरणाऱ्या विशिष्ट द्रव्यांचा सुगावा लागला, की ते जागे होते. ही द्रव्ये ज्वारी का पाझरते, हे कोडे २००५ साली जपानी संशोधकांनी सोडवले. ती साद असते एका मित्राला: मातीतून फॉस्फरस आणून देणाऱ्या बुरशीला. मित्राला घातलेली हाक शत्रू ऐकतो. याच टारफुल्याच्या आफ्रिकेतल्या भाईबंदात २०१० साली सातोको योशिदा आणि सहकाऱ्यांना ज्वारीच्या जनुकाशी मिळतेजुळते एक जनुक सापडले. त्याच्या कुळात ते इतरत्र नाही. गवताच्या, म्हणजे पिकाच्या कुळातून ते आलेले आहे.

आता बांडगूळ या शिवीचा हिशेब मांडता येईल. तीत दोन आरोप एकत्र बांधलेले असतात, हे आम्ही आरंभी म्हटले होते: तू परका आहेस, आणि तू खातोस. या विषयाने आम्हांला शिकवले ते एवढेच, की हे दोन आरोप वेगळे आहेत आणि एकाने दुसरा सिद्ध होत नाही. आफ्रिकेतल्या त्या तणाच्या अंगात पिकाच्या कुळाचा अंश आहे. म्हणून ते पिकाचे नातलग ठरत नाही, आणि त्याने बुडवलेले शेत परत उभे राहत नाही. सिन्सिटिन विषाणूच्या घरून आले आहे. म्हणून ते वारेत शत्रू ठरत नाही. कुठून आला, हा इतिहासाचा प्रश्न. काय करतो, हा आचरणाचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसऱ्याचे दिल्याचा आव आणणे ही ज्यांची सवय, ते कधी कुळ दाखवून फाशी देतात, कधी कुळ दाखवून सोडवतात. दोन्ही वेळा पुरावा तपासायचा राहून जातो. परप्रांतातून आलेला मजूर काही लुबाडत असेल, तर तसे दाखवावे. इथल्याच मातीतला सावकार लुबाडत असेल तर तेही दाखवावे. समीक्षक साहित्याला काही देतात की नुसतेच खातात, याचा निवाडा त्यांच्या लेखांवरून व्हावा. त्याला आमची ना नाही.

टारफुल्यापुरते बोलायचे तर आचरणाकडे पाहण्यानेच वाट निघाली. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात या तणाला पुरून उरणारे ज्वारीचे वाण घडवले; त्यासाठी त्यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा काही वाणांचे रहस्य २०१७ साली उलगडले. त्यांच्या एका जनुकात झालेल्या बदलामुळे मुळातून पाझरणारे द्रव्य किंचित वेगळ्या घडणीचे होते. टारफुल्याच्या बियांना ते जवळजवळ उठवत नाही. ज्वारी हाक मारणे थांबवत नाही. ती फक्त शब्द बदलते, आणि मातीतले बी झोपलेलेच राहते.